तातूंचा खडक आणि आधीच भरलेली चौकट

“जमनीकडे बघ गो. पाण्याकडे बघान पाण्यातला कायएक गावाचा नाय.”

पस्तीसेक वर्षांपूर्वी तातूंनी मला हे होडीत बसून सांगितलं होतं. मी नऊ वर्षांची होते. वडील मालवणजवळच्या एका वाडीत शाळामास्तर होते आणि तातू हे माझ्या वर्गातल्या रुकीचे वडील. मासेमारी करणारं घर. एका रविवारी त्यांनी आम्हा दोघींना होडीतून नेलं. किनारा बराच मागे पडल्यावर म्हणाले, “आता दोघांनी डोळे मिटा. मी सांगल्याबिगर उघडूचे नाय.” डोळे उघडले तेव्हा होडी थांबली होती आणि तातूंची गरी, म्हणजे गळ लावलेली दोरी, पाण्यात उतरली होती. चारी बाजूंना सारखंच पाणी. हीच जागा कशी सापडली, असं मी विचारलं, तेव्हा ते वरचं वाक्य आलं: पाण्याकडे बघून पाण्यातलं काही सापडायचं नाही.

पुढे माझं कामच नकाशांचं झालं. मोबाइलवरचा नकाशा लोकांच्या हातात गेल्यावर तो त्यांना कसा वापरता येईल, हे मी ठरवते. बटण कुठे असावं, गावाचं नाव किती मोठं दिसावं, माणूस वाट चुकला तर फोनने त्याला काय म्हणावं. नकाशा काढणारे वेगळे असतात. मी नकाशा आणि अंगठा यांच्या मधली. तातूंचं वाक्य मी ऑफिसात कितीतरी वेळा सांगितलं आहे. त्याचा अर्थ मात्र मला गेल्या डिसेंबरात, २००९ साली, पहिल्यांदा नीट कळला.

आमचा नवा नकाशा फेब्रुवारीत बाहेर काढायचं ठरलं होतं. त्याआधी तो शहराबाहेरच्या माणसांच्या हातात देऊन बघायचा होता. कुणी नाशिक घेतलं, कुणी सातारा. मी मालवण म्हटलं. आमचा प्रमुख केदार माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे आणि मला ताई म्हणतो. त्याने विचारलं, “ताई, कामाला चाललात की माहेरी?”

“तिथे माझं कुणीच नाही,” मी म्हटलं. हे पूर्ण खरं नव्हतं. रुकी होती, फक्त मी तिला अठ्ठावीस वर्षं पत्र लिहिलं नव्हतं.

पुण्याहून मालवणला थेट गाड्या आहेत, पण त्या रात्री सुटतात आणि घाट झोपेत निघून जातो. मी कोल्हापूरला मुक्काम करून सकाळची एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर हाच रस्ता सुचवीन. डावीकडची खिडकी घ्या, गगनबावड्याला गाडी थांबते तिथे चहा घ्या, आणि घाट उतरताना काही खाऊ नका. बावड्याच्या पुढे फोनचं नेटवर्क गेलं. आमचा नकाशा तुकड्या-तुकड्यांनी येतो. तुकडे यायचे थांबले आणि आपण कुठे आहोत ते दाखवणारी निळी टिकली कोऱ्या करड्या चौकोनांवरून एकटीच चालत राहिली. मी वहीत लिहिलं: ‘रस्ता नाही, तरी टिकली ऐटीत. फोनने कबूल करायला हवं की त्याला माहीत नाही.’

शेजारी वैभववाडीच्या बाजारला निघालेल्या एक बाई होत्या, मांडीवर रिकामी टोपली. बराच वेळ त्या माझ्या फोनात डोकावत होत्या.

“काय बघतास?”

“आपण कुठे आहोत ते.”

“घाटात आसंव,” त्या म्हणाल्या. “तेका फोन कित्याक होयो?”

दुपारी दोनच्या सुमाराला मालवण. अंतूभाऊंकडे उतरले. समुद्राला लागून नारळीत त्यांच्या दोन खोल्या आहेत. चारशे रुपये रोज, गरम पाणी बंबाचं, आणि त्यांच्या घरात केलेलं बांगड्याचं तिखलं इतकं चांगलं की पुढचे चार दिवस मी खानावळीत गेलेच नाही. अंतूभाऊ पन्नाशीचे, बोलके, पाहुण्यांना आपल्या होडीतून डॉल्फिन दाखवायला नेणारे. मी आणलेल्या तीन फोनांपैकी एक त्यांना दिला, एक रिक्षावाल्या गजाननला, एक माझ्याकडे. सांगितलं, चार दिवस वापरा, जे आवडेल त्या जागेवर चांदणी लावा. चाचणीतल्या सगळ्या फोनांवर एकमेकांच्या चांदण्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी गजाननला घेऊन धामापूरच्या तळ्याकडे गेले. दिवसभराची रिक्षा साडेतीनशे. अशा चाचणीत आमचा एकच नियम असतो: माणूस फोन वापरत असताना आपण तोंड उघडायचं नाही, फक्त त्याच्या अंगठ्याकडे बघायचं. गजाननला ते सोसेना. 

“बाई, गप कित्या? चुकलंय काय मी?”

“नाही हो. तुम्ही बघा.”

त्याने फोन हातात घेतला, क्षणभर बघितलं आणि आडवा फिरवला. मग थोडा अजून. अक्षरं सगळी कलंडली, मालवण हे नाव पायथ्यापासून वर चढायला लागलं, आणि तो मान वाकडी करून ते वाचू लागला. मला राहवलं नाही. विचारलं, असा का धरलात?

“समुद्र बाजूक कसो?” तो म्हणाला. “समुद्र खाल आसता. डोंगर वयर.”

आमच्या सगळ्या नकाशांत उत्तर दिशा वर असते. ते कुणी ठरवलं असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी अंतूभाऊंनीही फोन तसाच फिरवला. तळ्याच्या पायऱ्यांवर पुजाऱ्यांच्या हाती दिला होता, त्यांनीही. अक्षरं आडवी वाचायला कुणाची हरकत नव्हती, पण समुद्र आपल्या जागेवरून हललेला कुणालाच चालत नव्हता. (धामापूरला जाल तर भगवतीच्या देवळाशेजारच्या त्या पायऱ्यांवर अर्धा तास नुसतं बसा. पाण्यात चपला घालून उतरू नका, पुजारी रागावतात आणि बरोबर रागावतात.)

गजाननने त्या एका दिवसात नऊ चांदण्या लावल्या. पंक्चर काढणारा, रात्री उघडा असणारा दवाखाना, गोड पाण्याची विहीर, चढावर गाडी बंद पडली तर दगड लावायची जागा. मला त्याचा अभिमान वाटला. आमच्या नकाशात माणसाने लावलेली चांदणी आपोआप सगळ्यांना दिसते. लावताना खाली एक बारीक ओळ येते, ‘सर्वांना दाखवा’, आणि तिच्यापुढच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते. नको असेल तर आपण ती काढायची. ही चौकट अशी आधीच भरलेली असावी, हे दोन वर्षांपूर्वी मीच ठरवलं होतं आणि त्यासाठी भांडले होते. त्या दिवशी नऊ चांदण्या बघताना वाटलं, बरं झालं भांडले ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मासळीबाजारात गेले. रुकी तिथे बसते असं अंतूभाऊंनी सांगितलं होतं. कोपऱ्यात एक जाडशी बाई कोयतीवर सुरमईचे तुकडे करत होती. मान खाली. मी नुसतीच उभी राहिले, मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “ताजी आहे का हो?”

“नाय, तुझ्यासाठी शिळी ठेवलंय.” मग तिने वर बघितलं आणि कोयती थांबली. “अगो, मास्तरांची शुभा? चष्मो लागलो तुका!”

मला रडू आलं. ती मात्र शेजारणीला माझी ओळख करून देत होती. “ह्या चेडवान माझ्या पाटीवर बघान गणितां केल्यान आणि पयलो नंबर मारल्यान. मी थयच रवलंय.”

“तू माझ्या पाटीवर बघायचीस,” मी म्हटलं.

“तेव्हा तुका चष्मो होयो होतो, तुका काय दिसला?”

मासळी संपेपर्यंत मी तिच्याशेजारी पाटावर बसले. मग गजाननच्या रिक्षातून दोघी वाडीत गेलो. खाडीवरच्या पुलानंतर रस्ता लाल होतो; तिथून पुढे आमच्या नकाशात काहीच नव्हतं. डांबरी रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये कोरा पट्टा. त्या कोऱ्या पट्ट्यात चाळीस घरं, शाळा, देवाची घुमटी आणि रुकीचं माहेर होतं.

तातू पडवीत जाळं विणत होते. ऐंशीच्या घरात आलेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. जाळं बोटांनीच विणत होते, बघत होते समोर समुद्राकडे. 

“कोण गो?”

“मास्तरांची शुभा,” रुकी म्हणाली.

“इलंस?” तातू म्हणाले, जशी काही मी सकाळी शाळेला जाऊन परत आले होते. “बापूस बरो आसा?”

वडील जाऊन सात वर्षं झाली होती. मी सांगितलं. तातूंनी सुतळी खाली ठेवली आणि रुकीच्या भावाला, दिगंबरला, हाक मारून माझ्यासाठी शहाळं काढायला सांगितलं.

फोन त्यांच्या हाती दिला, तर त्यांनीही तो डोळ्याजवळ नेऊन फिरवलाच, समुद्र खाली. “माझा घर खंय ह्येच्यात?” घर नव्हतंच. मी त्यांना विचारून त्यांच्या घरावर चांदणी लावली. ते खूश झाले. शेजाऱ्याला ओरडून सांगितलं की माझं घर फोनात गेलं, तुझं नाही गेलं. मग एकदम म्हणाले, “उद्या सकाळी येतंस? दिगंबर जातलो खडकार. मी पण येतंय. मास्तराक जमला नाय कधी, तू तरी ये.”

त्या घराचा एक खडक आहे. पाण्याखाली, किनाऱ्यापासून आत. वरून काहीही दिसत नाही, पण तिथे गरी टाकली तर तांबोशी ही लाल मासळी लागते, आणि पावसाळ्यानंतर ज्या दिवसांत जाळ्यांना काही मिळत नाही त्या दिवसांत घर त्यावर चालतं. हा खडक तातूंच्या आजोबांना सापडला. प्रत्येक घराचे असे एक-दोन खडक असतात आणि ते कुणी कुणाला सांगत नाही. तातूंनी सख्ख्या भावाला सांगितला नव्हता. दिगंबरला दाखवला तो त्याच्या लग्नाच्या वर्षी.

चौथ्या दिवशी पहाट सरल्यावर निघालो. थंडी होती, समुद्र तबकासारखा सपाट. दिगंबर इंजिनाशी, तातू पुढे, रुकी आणि मी मध्ये. बरंच आत गेल्यावर तातूंनी मागे न बघता विचारलं, “पयली इली काय सरळ?”

“येता,” दिगंबर म्हणाला. “थोडी उरली. ... इली.”

“आता धर ती. दुसरी बघ.”

तेव्हा मला कळलं. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू घ्यायच्या, एक जवळची आणि एक लांबची. होडीतून बघताना जवळचीने लांबचीला बरोब्बर झाकलं की आपण एका सरळ रेषेवर आहोत. मग दुसऱ्या बाजूच्या तशाच दोन वस्तू. त्याही एकमेकींमागे लपल्या की दोन रेषा जिथे कापतात तिथे आपण, आणि आपल्या खाली खडक. पाण्याकडे बघायचंच नाही. सगळा समुद्र जमिनीवर लिहिलेला असतो. त्या चार वस्तू कोणत्या ते मी इथे लिहिणार नाही. चुकून काही लिहिलं गेलंच, तर ते खोटं आहे असं समजा.

“शुभा, डोळे मीट,” तातू म्हणाले. ते हसत होते, पण म्हणाले ते खरंच. रुकीने माझ्या चष्म्यावर हात ठेवला. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, डोळे मिटून बसले आणि मला फार बरं वाटलं.

फोन माझ्या हातातच होता.

उघड म्हटल्यावर डोळे उघडले तेव्हा पहिली नजर स्क्रीनवर गेली. नुसता निळा रंग; समुद्राचे तुकडे नेटवर्कशिवायही दिसतात. मधोमध टिकली. जमिनीचा एक कण नाही. तातूंना दाखवलं, तर ते म्हणाले, “हेच्यात जमीन खंय? नुसता निळा. हेच्यार बघूचा काय?” इतकी वर्षं मी स्क्रीन ठरवत आले, पण समुद्रात बसलेल्या माणसाला ती कशी दिसेल याचा विचार एकदाही केला नव्हता. तातूंनी गरी सोडली. दिगंबर आणि रुकी तिकडे बघत होते. आणि मी, पस्तीस वर्षं जी जागा मला डोळे मिटूनच मिळाली होती तिच्यावर, चांदणी लावली. नाव लिहिलं: तातूंचा खडक. 

का, हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. तो निळा रिकामपणा बघवेना हे एक. आणि दुसरं, ही जागा माझीही असावी असं वाटलं. कुणाला न सांगता, फक्त माझ्याकडे. बारीक ओळ खाली आली असणार. मी वाचली नाही. ती मीच लिहिलेली होती. ती कोण वाचतो?

त्या दिवशी पाच तांबोश्या मिळाल्या. दुपारी रुकीने त्यातली एक तळली, सोबत सोलकढी आणि तांदळाची भाकरी. माझं पोट आणि मन दोन्ही भरलं होतं. वाडीत रेंज नाही. संध्याकाळी अंतूभाऊंकडे पोचले तेव्हा रेंज आली आणि फोन खिशात दोनदा थरथरला. मी काढूनही बघितला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी नऊ वाजता अंतूभाऊ होडीवरून परतले ते शीळ घालत. दोन पाहुणे मागून बादली धरून येत होते.

“शुभाताई, तुमचो फोन म्हणजे काय म्हणतात ता!” ते म्हणाले. “डॉल्फिन आज नव्हतेच. म्हटला, ही चांदणी खंयची समुद्रात? टिकली चांदणीवर येईपर्यंत होडी नेली आणि गरी टाकली. हे बघा.”

बादलीत तीन तांबोश्या होत्या.

“तीस वर्सां मी तातूक इचारतंय, खंय जातंस रे? हसता, सांगना नाय. आणि हय नावच लिवलेला! त्यांनीच घातल्यानी काय?”

“नाही, मी,” मी म्हटलं. अंतूभाऊंचा चेहरा बदलला. ते समुद्रावरचेच. पुढचं सांगावं लागलं नाही. “आवशीक...” ते अर्धी शिवी गिळत म्हणाले आणि बादलीवर टॉवेल टाकला.

मी केदारला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत ती चांदणी सगळ्या फोनांवरून पुसली. चांगला मुलगा आहे. मग म्हणाला, “झालं, ताई. काळजी करू नका. पण ती चौकट तुमचीच ना?”

“हो,” मी म्हटलं.

चांदणी पुसली गेली होती. अंतूभाऊंनी बघितलेलं पुसलं गेलं नव्हतं. तातूंना सांगायला हवं होतं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. गजानन रिक्षा घेऊन आला. अंतूभाऊ न विचारताच येऊन माझ्याशेजारी बसले, मांडीवर नारळ. “हात हलवत कसा जावचा?” ते म्हणाले.

पडवीत तातू, दिगंबर, आणि बाजार आटोपून आलेली रुकी होती. मी उभ्याने सांगितलं. जेवढं घडलं तेवढं सगळं. चौकट मी केलेली, हेही. तातू ऐकत जाळं विणत राहिले. दिगंबर उठला आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. तिथूनच बोलला, मागे न वळता.

“बाबांनी माका माझ्या लग्नाच्या वर्सा दाखवल्यानी. तोपर्यंत मी पण डोळे मिटलंय. तू एक बटण दाबलंस.”

“दिगंबर,” रुकी म्हणाली.

“खोटा बोलतंय काय मी?”

“नाही,” मी म्हटलं.

रुकी माझ्याकडे बघत नव्हती. ते सगळ्यांत कठीण गेलं.

तातूंनी हातातली सुई थांबवली. “तू डोळे मिटलंलंस मा?”

“मिटले होते. पण फोन उघडा होता. आणि नंतर चांदणी मी स्वतः लावली, तातू. तुम्हाला न विचारता.”

“म्हणजे एक डोळो उघडो ठेवलंस.” ते थांबले. “तेव्हा पण ठेवलंलंस. ल्हान असताना. माका म्हायत होता.”

मला आठवलं. खरंच ठेवला होता. बोटांच्या फटीतून. काही कळलं नव्हतं, फक्त पाणी दिसलं होतं.

“चेडवाक काय दिसता? आणि जा दिसता ता दोन दिसांनी विसारता,” तातू म्हणाले. “ह्या यंत्राक सगळा दिसता आणि ता विसारना नाय. तेका डोळे मिटूक शिकव. ता तुझा काम मा?”

मी मान हलवली. मग ते अंतूभाऊंकडे वळले. “अंत्या, किती गावली?”

“तीन,” अंतूभाऊ खाली बघत म्हणाले.

“आमका पाच. तू शिकाऊ आसस.” रुकी फस्सकन हसली, आणि अंगणाच्या कडेला उभ्या दिगंबरचे खांदे जरा खाली आले. “नारळ आणलंस ता बरा केलंस. चल देवाकडे.”

वाडीच्या टोकाला, भरतीचं पाणी पोचतं त्याच्या वर, देवाची घुमटी आहे. तातू काठी टेकत पुढे, आम्ही मागे. नारळ पुढ्यात ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. एक जण देवाशी बोलतो आणि बाकीचे हुंकार देतात.

“बा देवा म्हाराजा, आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा...”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या मास्तराच्या चेडवान तुझ्या पोटातली खूण फोनात घातल्यान, ती चूक पदरात घे...”

“व्हय म्हाराजा!” रुकीचा आवाज सगळ्यांच्या वर.

“जेणी जेणी ती बघली, तेंका तेची विसार पाड...”

“व्हय म्हाराजा!”

“अंत्यान बघली, तो विसराचो नाय, तो वस्ताद आसा. तेच्या तोंडाक कुलूप घाल. तेका गावलो तो गावलो. तेच्याकडून तिसऱ्याक जाव नये...”

“व्हय म्हाराजा!” अंतूभाऊ डोळे घट्ट मिटून ओरडले.

“आणि ह्या चेडवाक हापिसात जाऊन बोलूची जीब दी रे म्हाराजा.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हुंकार मला द्यायचा होता. दिला. आवाज निघाला तो माझाच होता का, मला सांगता येत नाही.

दिगंबर परतताना माझ्याशी बोलला नाही. रिक्षा सुटायच्या वेळी मात्र त्याने एक पिशवी आणून दिली. आत मालवणी खाजं होतं. “आवशीन दिल्यान,” म्हणाला. त्याची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली आहेत, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी पिशवी घेतली. रुकीने रिक्षात हात घालून माझा चष्मा सरळ केला आणि म्हणाली, “परत येशीत तेव्हा ह्यो चष्मो येकटोच घेऊन ये, तो फोन नुको.”

सहाव्या दिवशी सकाळच्या गाडीने परत. घाट चढताना टिकली पुन्हा कोऱ्या चौकोनांवर आली. मी फोन बंद केला आणि खिडकीबाहेर बघत बसले. 

घरी येऊन आता पंधरा दिवस झाले. खाजं संपलं. वहीतल्या इतर गोष्टींचं चांगलं झालं: समुद्र खाली दिसेल असा नकाशा फिरवायची सोय केदारला फार आवडली, ती होणार आहे. नेटवर्क नसताना टिकली फिकट होणार आहे. गजाननच्या नऊ चांदण्या, त्याची परवानगी घेऊन, तशाच ठेवल्या आहेत. कुणाची तरी गाडी चढावर बंद पडेल तेव्हा तो दगड उपयोगी पडेल. आधीच भरलेल्या चौकटीने चांगलंही होतं, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच ते इतकं अवघड आहे.

तातूंच्या खडकाचं पुढे काय झालं, हे मला इथून कळायचा मार्ग नाही. अंतूभाऊ शब्द पाळतील असं वाटतं. चाचणीतल्या आणखी कुणी त्या संध्याकाळी समुद्रातली चांदणी बघून ठेवली असेल का, कोण जाणे. पण फेब्रुवारीत हा नकाशा हजारो हातांत जाईल. प्रत्येक किनाऱ्यावर एक तरी खडक असेल, डोंगरात एखादा झरा असेल, मधाचं झाड असेल, आणि कुणीतरी प्रेमाने त्यावर चांदणी लावील आणि खालची बारीक ओळ वाचणार नाही. त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घालायला तिथे तातू असतीलच असं नाही.

उद्या सोमवारची बैठक आहे. मी जे मागणार आहे त्याला नाही म्हणतील. कसं म्हणतील तेही मला पाठ आहे, कारण दोन वर्षांपूर्वीचं ते टिपण ऑफिसात अजून आहे आणि त्याखाली माझी सही आहे: ‘विचारलं की माणूस थबकतो. थबकला की नको म्हणतो. सगळ्यांनी नको म्हटलं तर नकाशा रिकामा राहील, आणि रिकामा नकाशा कुणी उघडत नाही. म्हणून विचारू नये.’ केदार ते मला वाचून दाखवील, आदराने, ताई म्हणत. त्यातलं एकही वाक्य मला खोडता येणार नाही. तरी केदारला द्यायचा हा कागद आज लिहून पिशवीत ठेवला आहे:

केदार, ‘सर्वांना दाखवा’च्या पुढची चौकट रिकामी ठेवून नकाशा बाहेर काढू या. ज्याला दाखवायचं असेल तो आपल्या हाताने खूण करील. काही महिने नकाशा रिकामा दिसेल. तेवढे दिवस तो रिकामा दिसू दे.